बर्नसन, मॅक्सीन

भाषावैज्ञानिक आणि शिक्षणतज्ज्ञ. मूळच्या अमेरिकन, साठच्या दशकात भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला (जि. सातारा) आल्या आणि पुढे भारतीय नागरिक झाल्या. फलटणच्या बोलीतील भेदांवरील प्रबंधासाठी त्यांना १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. शाळेबाहेरच्या मुलांना शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली.

वाचन हा त्यांच्या कामाचा गाभा. आधी सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी या रूढ क्रमात मुलाच्या हाती अर्थपूर्ण शब्द फार उशिरा लागतो. त्याऐवजी त्यांच्या पद्धतीप्रमाणे मोजकी अक्षरे आणि काना एकत्र दिला, की ‘मामा’, ‘काका’ लगेच वाचता येतात. मात्र मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते सांगितले जाते तितके सरळ नाही : ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला च वेगळा, घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकात ‘पाणी’ भेटते. इचलकरंजीसारख्या सीमावर्ती शहरात घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांपुढे तर काही ध्वनी आणि बरेच शब्दही नवे असतात. लेखिका जाई निंबकर यांच्यासह बर्नसन यांनी परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकेही लिहिली.