माज कोणाला येतो?



सकाळी गोठ्यातून गडी सांगत येतो, "गाय माजावर आली आहे." घरधन्याच्या तोंडावर हसू उमटते. गाय गाभण राहील, पुढे घरात दूध येईल. या वाक्यात शिवी नाही, राग नाही. ती आनंदाची वार्ता आहे. पण तोच धनी संध्याकाळी मजुरी वाढवून मागणाऱ्या गड्याविषयी म्हणतो, "हा फार माजला आहे," आणि तोच शब्द एकाएकी विषारी होतो. जनावराच्या बाबतीत जी शुभवार्ता, ती माणसाच्या बाबतीत शिक्षेचे निमित्त कशी झाली, याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे. आम्ही पंडित नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

'माजणे' हे क्रियापद संस्कृत 'माद्यति'पासून प्राकृताच्या वाटेने मराठीत उतरले. मूळ धातू 'मद्'. मद, मत्त, उन्माद, मदांध ही सारी त्याच घरची भावंडे. फारसीतून आलेला 'मस्त' हाही परका नव्हे; 'मत्त' आणि 'मस्त' हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फाटे आहेत. म्हणजे 'माज' आणि 'मस्ती' हे दोन निरनिराळ्या वाटांनी येऊन मराठीच्या ओसरीवर पुन्हा भेटलेले भाऊच होत. दोघांनाही ओळख मिळाली ती हत्तीमुळे. वयात आलेला नर हत्ती काही काळ मदात येतो. डोळा आणि कान यांच्यामधील ग्रंथीतून स्राव पाझरू लागतो, रक्तातील नर-संप्रेरक कित्येक पटींनी वाढते आणि तो माहुतालाही जुमानत नाही. जाणता माहूत त्याला बांधून ठेवतो आणि वाट पाहतो. काही काळाने मद आपोआप ओसरतो. हत्तीचा मद असा निसर्गच उतरवितो. माणसाचा 'माज उतरविण्यास' मात्र दंडुका लागतो, अशी आपल्या भाषेची समजूत आहे.

असेच दुसरे शब्द पाहा. शिंगे फुटणे, चौखूर उधळणे, मोकाट सुटणे, मुसंडी मारणे. आणि त्यांवरचे उपाय म्हणजे वेसण घालणे, लगाम खेचणे, दावणीला बांधणे. यांतील मुसंडी तेवढी रानडुकराची. बाकीचे बहुतेक शब्द गोठ्यातले आणि तबेल्यातले आहेत. ते सारे एकाच माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहेत, ज्याच्या हातात कासरा आहे त्याच्या. बैल उधळला, एवढेच तो सांगतो. जू खांद्याला सलत होते काय, पराणी फार खोल गेली काय, याला त्या शब्दात जागा नाही. शब्द कृती सांगतो आणि कारण गाळतो. आमच्या मते साऱ्या गोष्टीचे मर्म येथे आहे.

उलट जो खरोखर अंगावर येतो, त्याला आपण काय म्हणतो? आपल्या नाशिक जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याकडचे आदिवासी बांधव आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळतात. शहरात त्याच दिवशी वसुबारस असते. आपण गाय-वासरू पुजतो, ते वाघदेवाला पुजतात. त्यांचे आयुष्य रानात गेले. त्यांच्या पूजेत भय आहे तसा शेजारधर्मही आहे. परंतु गावशहरातल्या आपण मंडळींनी काय केले? जो खातो तो वाघोबा आणि जो ओढतो तो बैल! 'वाघ आहे' हे कौतुक झाले, 'बैल आहे' ही शिवी झाली. साहेब टेबलावर मूठ आपटतो तेव्हा तो वाघ असतो. कामगार नुसता उभा राहून बोलतो तेव्हा तो माजलेला असतो.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, कामगारांनी पिण्याच्या पाण्याची मागणी केली. 1948 च्या कारखाना कायद्याने जे देणे बंधनकारकच होते, तेवढेच मागितले. हात जोडून मागितले. वरून उत्तर आले, "माजलेत सगळे." त्या एका शब्दाने पाण्याचा प्रश्न संपला आणि आमच्या स्वभावाचा सुरू झाला. माजलेल्याचे म्हणणे ऐकावयाचे नसते. त्याला बांधावयाचे असते.

हीच दृष्टी कायद्यात शिरली म्हणजे काय होते, तेही इतिहासात लिहिलेले आहे. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या नव्या कायद्याने त्याची कक्षा आणखी वाढली. वाघाच्या पोटी वाघ, तसा या जमातींत जन्मलेला तो गुन्हेगार, असा त्यामागील हिशेब. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. तेथली माणसे गिरणीत राबत आणि परत कुंपणात येऊन हजेरी देत. हा कायदा 1952 साली रद्द झाला. आक्रमण हा एकदा जातिस्वभाव ठरला की तक्रार ऐकण्याची गरज उरत नाही, कुंपण पुरते.

शब्द उलटविताही येतो. 4 जानेवारी 1881 रोजी पुण्यास 'केसरी' निघाला. त्याच्या शिरोभागी जगन्नाथ पंडितांचा संस्कृत श्लोक असे. मदांध हत्तीला त्यात बजावले आहे की, या वनात क्षणभरही थांबू नकोस, शिळांनाच हत्ती समजून नखांनी फोडणारा सिंह येथे निजला आहे. माज राज्यकर्त्यांचा आणि सिंह ही प्रजा, हा संकेत वाचकांना कळत होता. कासरा ज्यांच्या गळ्यात होता त्यांनी शब्दाचे टोक फिरविले. आम्हांस त्याचा अभिमान आहे.

पण याच अभिमानात आमच्या हातून एक पाप घडले. ते सांगितल्यावाचून या व्यासपीठावरून उतरणे बरे नव्हे. एका संपात आमचाच एक सोबती पोलिसांच्या आडोशाने आत कामावर गेला. दारात आम्ही घोषणा दिली, "मालकाचा कुत्रा!" शेकडो कंठांनी ती उचलली. त्याचे मूल आजारी होते आणि घरात औषधाला पैसा नव्हता, हे आम्हांस पुढे कळले. संप मिटला, करार झाला, तो मात्र आमच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. साहेबाने आमचे कारण एका शब्दात गाळले होते. आम्ही त्याचे गाळले. कासरा हाती येताच आमचीही जीभ धन्याची झाली होती.

म्हणून संघटनेच्या बैठकीत आता आम्ही एक साधा नियम पाळतो. कोणी कोणाविषयी 'माजला', 'पिसाळला', 'कुत्रा' असे म्हटले की त्याला थांबवून विचारतो, "बाबा रे, त्याने केले काय ते सांग, आणि का केले ते ठाऊक असेल तर तेही सांग." पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसते. मग आमच्यापैकी एकजण उठतो आणि त्याच्या घरी जाऊन विचारून येतो.