कवींनी स्वतः चालवलेली छपाई

बारामतीहून मोरगावमार्गे पुण्याला निघालं की वाटेत जेजुरी लागते, हे तुम्हां बारामती-इंदापूरकरांना मी सांगायला नको. अरुण कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल पुरस्कार मिळाला. तिच्यातल्या कवितेवर पुष्कळ बोललं गेलंय. मला आज बोलायचंय ते पुस्तक छापलं कुणी यावर. ते कुठल्या बड्या प्रकाशकानं काढलं नव्हतं. कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गिव्ह पटेल या चार कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाऊस’ काढलं, त्यातून ते आलं. कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नामवंत चित्रकार, त्यामुळे मुखपृष्ठंही घरचीच.

ही सवय जुनी होती. १९५०च्या दशकाच्या मध्यावर दिलीप चित्रे, कोलटकर, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ नावाचं अनियतकालिक काढलं, तेही सायक्लोस्टाइल करून. आज मोबाइलवर लिहिणाऱ्यांसाठी थोडं थांबतो. मेणाचा थर दिलेला पातळ कागद, म्हणजे स्टेन्सिल. त्यावर टोकदार लेखणीनं लिहायचं किंवा रिबन बाजूला करून टाइप करायचं. अक्षराच्या जागी मेण निघतं. मग तो कागद यंत्राच्या रुळावर चढवायचा आणि दांडा फिरवायचा. शाई त्या फटींतून खालच्या कागदावर उतरते. जोर जास्त झाला की ‘ठ’ची पोकळी गळून पडते आणि तिथं काळा ठिपका येतो. चूक झालीच तर लाल द्रावण लावायचं, फुंकर मारायची, पुन्हा लिहायचं. हात काळे व्हायचे, पण खिळे जुळवणाऱ्या छापखान्याचं बिल द्यावं लागत नव्हतं. आणि कुणाला विचारावंही लागत नव्हतं! माझ्या मते खरी गोम इथे आहे.

कारण विचारायचं कुणाला, तर ‘सत्यकथे’ला. आता ‘सत्यकथे’वर अन्याय नको, मर्ढेकर, गाडगीळ, गोखले यांची नवी कविता-कथा तिनंच जपली. पण एकच दार असलं की बाहेर रांग लागते आणि रांगेतले चिडतात. अशोक शहाणे यांचं ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचं ‘वाचा’, राजा ढाले यांचं ‘येरू’, चंद्रकांत खोत यांचं ‘अबकडइ’ ही सगळी साठीच्या दशकातली आणि त्याच्या आगेमागेची धुसफूस. १९६९मध्ये गिरगावात या मंडळींनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. तो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला मात्र दांडा फिरवणारे हात जास्त महत्त्वाचे वाटतात. जाळायला काडी पुरते, अंक काढायला कागद आणावा लागतो, टपाल हंशील भरावं लागतं. म्हणूनच यातली बरीच अनियतकालिकं अल्पायुषी ठरली. (आणि एक बोचणारी गोष्ट: बंडखोरांच्या या नावांमध्ये बायका जवळजवळ दिसतच नाहीत.)

यातल्या ढाल्यांनी १९७२ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात जन्मलेल्या नामदेव ढसाळांबरोबर दलित पँथर उभी केली. शहाण्यांनी ‘प्रास प्रकाशन’ काढलं. त्यातून १९७७मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आलं आणि फार उशिरा, २००३मध्ये, ‘भिजकी वही’.

प्रासनं केलेली माझ्या दृष्टीनं सगळ्यात धाडसी छपाई म्हणजे पुस्तक नव्हेच. १९८३मध्ये वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही दीर्घ कविता शहाण्यांनी भित्तिपत्रक म्हणून छापली. एकच मोठा कागद, भिंतीला लावा आणि उभ्यानं वाचा. तो कागद वर्षानुवर्षं फिरला. १९९४मध्ये तीच कविता बँक ऑफ महाराष्ट्रच्या कर्मचारी संघटनेच्या बुलेटिनमध्ये, म्हणजे सभासदांपुरत्या अंकात आली, आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मजकूर तोच, कागद बदलला. गांधींच्या तोंडी घातलेली भाषा हा वादाचा मुद्दा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०१५मध्ये निकाल लागला: संपादकांनी पुढच्या अंकात माफी छापली होती, म्हणून त्यांची सुटका झाली, कवीला मात्र खटल्याला सामोरं जावं लागेल. भित्तिपत्रक छापून तेव्हा ३२ वर्षं झाली होती.