आळशी डोळ्याच्या उपचाराचा इतिहास : पट्टी, वय आणि तास

प्रस्तावना :
बालवयात एका डोळ्याकडून मेंदूला स्पष्ट प्रतिमा मिळत नसेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. परिणामी त्या डोळ्याची दृष्टी मंदावते आणि योग्य चष्मा लावूनही ती लगेच पूर्ववत होत नाही. या विकारास वैद्यकात अँब्लिओपिया आणि व्यवहारात ‘आळशी डोळा’ असे म्हणतात. तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरातील मोठी तफावत आणि जन्मजात मोतीबिंदू ही त्याची प्रमुख कारणे होत. चांगला डोळा झाकून दुबळ्या डोळ्यास काम करावयास लावणे, हा त्यावरील जुना उपचार होय. परंतु तो कोणत्या वयापर्यंत आणि दिवसाचे किती तास करावा, हे प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित राहिले. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

अनुभवाधिष्ठित उपचार :
फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी इ. स. १७४३ च्या तिरळेपणावरील निबंधात दोन डोळ्यांची असमान शक्ती हे या दोषाचे कारण मानले व चांगला डोळा काही काळ झाकण्याचा उपाय सुचविला. लंडनचे नेत्रशल्यचिकित्सक क्लॉड वर्थ यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात उपचार अगदी लहान वयातच सुरू करण्याचा आग्रह धरला. दोन डोळ्यांच्या प्रतिमा एकत्र करण्याची क्षमता सहावे वर्ष संपण्यापूर्वी पूर्ण विकसित होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिन घालून त्याची नजर तात्पुरती धूसर करण्याचा मार्गही त्यांनी अवलंबिला.

प्रयोगशाळेतील आधार :
वयाच्या या मर्यादेस शास्त्रीय आधार १९६३ मध्ये मिळाला. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा जन्मानंतर लवकरच बंद ठेवला. पुढे तो उघडल्यावर मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी त्या डोळ्यास प्रतिसाद देईनाशा झाल्या होत्या. प्रौढ मांजरांत मात्र असा परिणाम दिसला नाही. या संशोधकांना १९८१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तथापि, या प्रयोगांतून ठराविक वयानंतर उपचार व्यर्थ आहे, असा अर्थही काढला गेला आणि अनेक मोठी मुले उपचारावाचून राहिली.

पुराव्याची कसोटी :
ब्रिटनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने या उपचाराच्या उपयुक्ततेविषयी भक्कम चाचण्याच उपलब्ध नाहीत, हे दाखवून दिले. ही टीका मूलभूत होती. कारण पट्टी बांधलेल्या बालकास केवळ अधू डोळ्याने दिवस काढावा लागतो आणि सवंगड्यांची चेष्टाही सोसावी लागते. त्यानंतर उत्तर अमेरिकेत मोठ्या चाचण्या झाल्या. सात वर्षांखालील ४१९ बालकांवरील २००२ च्या चाचणीत पट्टी व अ‍ॅट्रोपिन या दोहोंनी सहा महिन्यांत जवळजवळ सारखाच लाभ झाला. मध्यम स्वरूपाच्या विकारात रोज दोन तासांच्या पट्टीने सहा तासांइतकाच गुण येतो, असे २००३ मध्ये आढळले. वयोगट ७ ते १७ मधील ५०७ मुलांवरील २००५ च्या चाचणीत सात ते बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३ टक्के मुलांत उपचाराने समाधानकारक सुधारणा झाली. केवळ चष्मा दिलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते.

निष्कर्ष :
ब्यूफाँ यांचा उपाय अडीच शतकांनंतरही टिकून आहे; त्याची मात्रा मात्र चाचण्यांनी कमी केली व वयाची मर्यादा सैल केली. तरीही लवकर निदानाचे महत्त्व कमी होत नाही. एक डोळा चांगला असल्याने बालक तक्रार करीत नाही व पालकांच्याही ते लक्षात येत नाही. म्हणूनच भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील अंगणवाडीच्या वयातील तपासणीस विशेष मोल आहे. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासला गेला, तरच हा मूक दोष वेळीच उघडकीस येऊ शकतो.