माथेरानची गाडी दातांशिवाय कशी चढते?

सालवडच्या आसपास, तारापूर एमआयडीसीतल्या वर्कशॉपात लेथ चालवणाऱ्याला दातेरी रेल्वे वेगळी समजावून सांगावी लागत नाही. हातचाक फिरवलं की पिनियनचे दात बेडच्या रॅकमध्ये अडकतात आणि कॅरेज सरकतं. डोंगरावर आगगाडी नेण्याची हीच युक्ती: रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि इंजिनाखाली तिच्यात बसणारं दातेरी चाक. अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर १८६९ साली आणि स्वित्झर्लंडमध्ये रिगीवर १८७१ साली अशा गाड्या धावू लागल्या. पुढे रोमन आप्ट या इंजिनिअरनं पट्ट्या शेजारी-शेजारी बसवल्या आणि त्यांचे दात मागेपुढे ठेवले, म्हणजे एक दात सुटताना दुसरा धरलेलाच असतो. भारतात ही पद्धत निलगिरीत आली. कुन्नूरपर्यंतची गाडी १८९९ साली सुरू झाली.

माथेरानच्या गाडीला मात्र दात नाहीत, कधी नव्हतेच. कारण आकड्यांत आहे. निलगिरीत कल्लार ते कुन्नूर या सुमारे २० किलोमीटरांत गाडी १३०० मीटर चढते. नेरळ ते माथेरानही साधारण २० किलोमीटर, पण चढ ७६० मीटरांच्या आसपास. तिथला सर्वांत तीव्र चढ बारा-साडेबारास एक, इथला विसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. तेवढ्यावर गुळगुळीत चाक, इंजिनाचं वजन आणि घर्षण यांच्या जोरावर निभावतं. पण चढ विसास एकच्या आत ठेवायचा तर वाट लांबवावी लागते, डोंगराला वळसे घालावे लागतात.

खरी अडचण या वळणांनीच आणली, आणि मला या गाडीच्या कुळकथेतला सर्वांत देखणा भाग तोच वाटतो. जोर हवा म्हणून इंजिनाला चाकांच्या तीन जोड्या, त्याही दांड्यांनी एकमेकींना जखडलेल्या. असं ताठ इंजिन तीव्र वळणात अडकतं. सॅक्सनीतल्या क्लीन आणि लिंडनर या इंजिनिअरांनी पोकळ आसाचा उपाय काढला होता. आतला आस दांड्यांबरोबर सरळ फिरतो. त्याच्यावरच्या पोकळ नळीला चाकं असतात. ती मधल्या गोलाकार सांध्यावर किंचित वळते, बाजूला सरकते, पण जोर पूर्ण घेते. ऑरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कारखान्यानं माथेरानसाठी बांधलेल्या चारही वाफेच्या इंजिनांत पुढचा आणि मागचा आस असाच होता. सल्ला बार्शी लाइट रेल्वेवाल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा.

लाइनसाठी पैसा मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचा, सुमारे सोळा लाख रुपये. काम उभं केलं त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. १९०४ साली काम सुरू झालेली दोन फुटी लाइन १९०७ साली खुली झाली. माथेरान इंग्रजांच्या नजरेत आणलं ते १८५० साली, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी.  आज सालवडहून माथेरानला जायचं तर सपाटीवरच्या बोईसरहून निघायचं, दादरला कर्जत लोकल धरायची आणि नेरळला उतरायचं. पुढं छोट्या गाडीची स्थानकं: जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज.

आता ओढायला डिझेल इंजिनं आहेत. २००५ च्या जुलैतल्या पावसानं लाइन ठिकठिकाणी वाहून नेली. ती दुरुस्त होऊन २००७ साली, शंभराव्या वर्षी, गाडी पुन्हा वर गेली. मार्ग तोच ठेवला.