वजन कमी करण्याचं इंजेक्शन सुरू आहे? भूक मेली तरी अंगाची गरज मरत नाही. ताटात आधी काय घ्यावं, जाणून घ्या

कोडोली (ता. पन्हाळा) : कारखान्याला जाणारा ऊस आणि डेअरीला जाणारं दूध, यावर वारणा खोऱ्यातल्या गावांचा संसार चालतो. इथं खाण्यापिण्याची ददात नाही. पण वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं सुरू झालेल्या घरात वेगळीच अडचण दिसते. ताट वाढलेलं असतं आणि जेवायचं मनच होत नाही. चार घास पोटात गेले की 'बास, भरलं पोट' म्हणून माणूस उठतो. काटा खाली येतोय म्हणून घरचेही खूश असतात. मात्र उतरलेल्या वजनात चरबी किती आणि अंगातलं मांस किती, हे काटा सांगत नाही. शेतात राबणाऱ्या, धारा काढणाऱ्या, भारे उचलणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं खरा प्रश्न तोच आहे.

ही औषधं काय करतात?

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही यातली दोन मुख्य औषधं. टिर्झेपेटाइड 'मौंजारो' या नावानं मार्च २०२५ मध्ये, तर सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन 'वेगोव्ही' जून २०२५ मध्ये भारतात आलं. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. त्यानंतर देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि औषध तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचणं सोपं झालं.

जेवल्यावर आपल्या आतड्यातून काही संप्रेरकं सुटतात आणि 'पोट भरलं' हा निरोप मेंदूला देतात. ही औषधं त्यांच्यासारखंच काम करतात. भूक कमी होते, जठर हळू रिकामं होतं. इंजेक्शन आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं आणि डोस टप्प्याटप्प्यानं वाढवतात. मोठ्या अभ्यासांत सुमारे सव्वा वर्षात सेमाग्लुटाइडनं सरासरी १५ टक्के, तर टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसनं सुमारे २० टक्के वजन उतरलं.

याची दुसरी बाजूही आहे. शरीराची मोजणी केलेल्या अभ्यासांत, उतरलेल्या वजनाचा साधारण पाव ते ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. त्यात स्नायूंचाही वाटा असतो. औषध भूक कमी करतं, पण प्रथिनं, लोह, कॅल्शियम, पाणी यांची गरज कमी करत नाही. म्हणून खाणं निम्म्यावर आलं की प्रत्येक घास निवडून खावा लागतो.

ताटातला क्रम बदला

आपल्याकडं जेवण भाकरीपासून सुरू होतं आणि भातावर संपतं. कालवण, उसळ त्यांच्या सोबतीला. भूक चांगली असते तेव्हा हे चालून जातं. पण चार-सहा घासांतच पोट भरत असेल, तर ते भाकरी-भातानंच भरतं आणि उसळ वाटीत तशीच राहते. त्यामुळं क्रम उलटा करावा:

- आधी उसळ, अंडं, चिकन, पनीर किंवा घट्ट दही
- मग भाजी
- शेवटी चतकोर-अर्धी भाकरी किंवा दोन घास भात

बहुतेकांना दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य धरता येतं. नेमका आकडा वजन, वय आणि कामावर ठरतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

घरातल्या कशात किती प्रथिनं? (अंदाजे)

- एक अंडं : ६ ग्रॅम
- म्हशीचं दूध, २०० मिली : ७ ते ८ ग्रॅम
- घट्ट दही, १५० ग्रॅम : ५ ग्रॅम
- मटकी, मूग किंवा हरभरा, ३० ग्रॅम (भिजवण्याआधी) : ७ ग्रॅम
- फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे, मूठभर : ६ ग्रॅम
- सोयाबीनच्या वड्या, ३० ग्रॅम (कोरड्या) : १५ ग्रॅम
- पनीर, ५० ग्रॅम : ९ ग्रॅम
- चिकन, १०० ग्रॅम (हाडाशिवाय) : २० ग्रॅम
- जोंधळ्याची एक मध्यम भाकरी : ५ ग्रॅम

गोठ्यात दोन म्हशी असूनही दूध सगळं डेअरीला आणि घरात फक्त चहापुरतं, हे चित्र अनेक घरांत आहे. औषध घेणाऱ्या माणसासाठी रोज अर्धा लिटर दूध बाजूला काढलं, तरी १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं घरातच मिळतात. साय काढून घ्यावी. स्निग्धांश जास्त गेला की या औषधावर मळमळतं.

एका दिवसाचं जेवण असं बसवता येईल

- सकाळी ८ : दोन उकडलेली अंडी, अर्धी भाकरी. शाकाहारी असाल तर मूगडाळीची दोन धिरडी आणि दही.
- सकाळी ११ : एक ग्लास ताक.
- दुपारी १.३० : घट्ट मटकीची उसळ, पालेभाजी, वाटीभर दही, अर्धी भाकरी.
- सायंकाळी ५ : मूठभर फुटाणे, कपभर दूध.
- रात्री ८ : चिकनचे तीन-चार तुकडे किंवा पनीर-सोयाबीनची भाजी, थोडा भात. झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण उरकावं.

हे सगळं मिळून ६० ग्रॅमच्या घरात जातं. एका बैठकीला जात नसेल तर दोन भाग करावेत, पण जेवण टाळू नये.

तांबडा-पांढरा बंद करायचा का?

गरज नाही, पण खाण्याची पद्धत बदलावी. तांबड्या रश्श्यावरचा कट आणि पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध जड पडतं. जठर आधीच हळू रिकामं होत असल्यानं तेलकट खाणं तासन्‌तास पोटात राहतं. मग करपट ढेकर, मळमळ, उलटी. तेव्हा मटणाचे तुकडे घ्यावेत, कट बाजूला सारावा, रस्सा चवीपुरता दोन-चार चमचे. डोस वाढवल्याच्या आठवड्यात मिसळ, भजी, वडा यांना लांबच ठेवलेलं बरं.

जोतिबाच्या यात्रेचं जेवण असो की लग्नाची पंगत, 'अजून एक घ्या की' हा आग्रह चुकत नाही. सुरुवातीलाच कमी वाढून घ्यावं आणि सावकाश जेवावं. पाहुण्यांचं मन राखायला जास्त खाल्लं तर रात्रभर त्रास होतो.

उपवासाचं काय?

जोतिबाचा रविवार, संकष्टी, एकादशी असे आठवड्यातले एक-दोन दिवस सहज उपवासाचे होतात. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. 'नाहीतरी भूक नाही' म्हणून निरंकार उपवास तर करूच नये. दूध, दही, ताक, राजगिरा, शेंगदाणे, उपवासाला चालत असेल तर पनीर घ्यावं. मधुमेहाची औषधं सुरू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारणं आवश्यक.

पाणी, बद्धकोष्ठता आणि मळमळ

भुकेबरोबर अनेकांची तहानही मंदावते. दिवसात दोन-अडीच लिटर पाणी पोटात जावं, रानात काम असेल तर जास्त. जेवताना ग्लासभर पाणी पिऊन पोट भरू नये. मधल्या वेळेत घोट-घोट घ्यावं. ताक, आंबील, डाळीचं पाणी चालतं. उसाचा रस आणि दिवसातून पाच-सहा गोड चहा यांनी पोट भरतं, पोषण मिळत नाही.

बद्धकोष्ठतेसाठी मेथी, पोकळा, घेवडा, पेरू आणि भरपूर पाणी. इसबगोल घ्यायचं तर पाण्याशिवाय नको. मळमळ होत असेल तर थोडं-थोडं, कमी तिखट, कोमट खावं. मऊ मुगाची खिचडी किंवा दही-भात. जेवल्याबरोबर आडवं होऊ नये.

सेमाग्लुटाइडची गोळी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ती उठल्यावर रिकाम्या पोटी, अर्ध्या ग्लासापेक्षा जास्त नाही इतक्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढं अर्धा तास काही नाही. चहासुद्धा नंतरच.

खाण्याबरोबर बैठका

प्रथिनं खाऊन स्नायू टिकतात ते त्यांना काम दिलं तर. कोल्हापूरला तालमीचं महत्त्व सांगायला नको. आठवड्यातून दोन-तीन दिवस जमतील तेवढ्या बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं पुरेसं आहे. वयस्कर माणसांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी. नुसतं चालणं चांगलं, पण त्यानं स्नायू राखण्याचं काम पुरतं होत नाही.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- पोटात असह्य दुखणं, पाठीकडं जाणारी कळ, सोबत उलट्या : स्वादुपिंडाला सूज असू शकते.
- उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे : पित्ताशयात खडे असू शकतात. वजन झपाट्यानं उतरलं की ही शक्यता वाढते.
- उलट्या-जुलाब थांबत नाहीत, लघवी कमी होतेय : शरीरातलं पाणी घटल्यानं मूत्रपिंडाला धोका.
- घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढं अंधारी : साखर उतरली असावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत हे होतं. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये.

अशा वेळी १०८ ला फोन करून जवळचं सरकारी रुग्णालय किंवा कोल्हापूरचं सीपीआर गाठावं.

सुरू करण्याआधी आणि बंद करण्याआधी

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, शेजाऱ्याचं पेन वापरू नये. गरोदर असताना किंवा मूल हवं असताना ही इंजेक्शनं चालत नाहीत. टिर्झेपेटाइडमुळं गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटू शकतो, म्हणून सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोधसारखं दुसरं साधन वापरावं. घरात थायरॉइडच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर आधी सांगावा. शाकाहारी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं. भूल देऊन शस्त्रक्रिया ठरली असेल तर इंजेक्शनची माहिती आधीच द्यावी.

पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं पेन टाकून द्यावं. लाईट बराच वेळ गेली तर फ्रिज उघडू नये. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात पारा ३० च्या वर जातो. तिथं पेन बाहेर ठेवणं धोक्याचं.

औषध बंद केल्यावर भूक परत येते. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांच्या अभ्यासात वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत चढला. परत येणारं वजन बहुतांशी चरबीचं असतं. गेलेले स्नायू आपोआप येत नाहीत. म्हणून इंजेक्शन सुरू असतानाच उसळ आधी, भाकरी नंतर ही सवय लावून घ्यावी. महिन्याला वजनासोबत कमरेचा घेर मोजावा आणि भरलेली कळशी पूर्वीसारखी उचलते का, तेही बघावं. कळशी जड वाटू लागली तर पुढचा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगावं.