माळकऱ्याचं लिव्हर आणि आमची पत्ती

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर आमचं पत्तीचं दुकान आहे. आजोबांनी टाकलं, वडिलांनी वाढवलं, मी सांभाळतो. हल्ली गिऱ्हाईक सोनोग्राफीचा कागद घेऊनच दुकानात येतं. मध्यंतरी एक माळकरी आले. दारूचा थेंब नाही, वारी चुकवलेली नाही, आणि कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’. “लिव्हर तर पिणाऱ्याचं जातंय ना?” म्हणाले. ग्रीन टीचा खोका उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “ह्यात साखर किती टाकायची?”

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. आपल्या मुलखात चहा आला तोच साखरेचं बोट धरून.

आजोबांच्या वेळी लातूर निजामाच्या राज्यात होतं, हिशेब हाली सिक्क्यात चालायचा. 1911 साली बार्शी लाइटची अडीच फुटी रेल्वे कुर्डुवाडीकडून लातूरला पोचली आणि मुंबईचा माल सोपा झाला. पत्ती प्लायवूडच्या खोक्यांतून यायची. कडांना पत्र्याची पट्टी, आत चांदीसारखा कागद. खोकं रिकामं व्हायचा अवकाश, की डाळ ठेवायला कुणीतरी घेऊन जायचं. माझं आजोळ नांदेडचं. तिथली गाडी मनमाडहून सिकंदराबादला जाणारी, म्हणून तोंडाची चवही हैदराबादची. मामांना दूध आटवलेला चहा लागे. आमचा चहा त्यांना पाणचट वाटायचा आणि वडिलांना त्यांचा बासुंदीसारखा.

चहा येण्याआधी पाहुण्याला गूळ-पाणी दिलं की झालं. चहाची सवय मुद्दाम लावली गेली. मळेवाल्यांच्याच मागणीवरून 1903 साली सरकारनं निर्यातीच्या चहावर उपकर बसवला आणि तो पैसा प्रचाराला लावला. 1930 च्या दशकात जागतिक मंदीनं परदेशी भाव कोसळले, तेव्हा मळेवाल्यांची नजर देशातल्या गिऱ्हाइकाकडे जोरात वळली. फुकट कप, देशी भाषांतले फलक, चहा करून दाखवणारी माणसं. गांधीजींनी चहातल्या टॅनिनविरुद्ध लिहिलं, पण त्या बाबतीत त्यांचं कुणी ऐकलं नाही. मळेवाल्यांचंही पूर्ण ऐकलं नाहीच. त्यांची शिकवण होती, पत्तीवर उकळतं पाणी ओता, झाका, मग दूध घाला. आपण सगळं एकाच पातेल्यात घालून उकळलं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही. गावोगावच्या हॉटेलांत दलित गिऱ्हाइकाची कपबशी वेगळी असायची, बाहेर ठेवलेली, ज्याची त्यानंच विसळायची. चहानं माणसं जोडली असं लिहिणारे ही कपबशी सोयीस्कर विसरतात.

वडील पत्ती कशी पारखायचे ते अजून डोळ्यांपुढे आहे. मूठभर पत्ती पांढऱ्या कागदावर पसरायची आणि लोहचुंबक फिरवायचा. लोखंडाचा कीस असला की चिकटून वर येतो. मग ओल्या टिपकागदावर चिमूटभर दाणे. चांगली पत्ती लगेच रंग सोडत नाही; रंगवलेली असेल तर दाण्याभोवती डाग फुटतो. हे मी आजही करतो.

ही दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी. 1930 च्या सुमारास आसामात त्याचं यंत्र निघालं. दातेरी रुळांत पान चिरडतं, फाटतं, वळतं. चिरडलेल्या पानाला हवा लागली की त्यातलं विकर कॅटेचिनांचं रूपांतर थिआफ्लेविन, थिआरुबिगिन अशा द्रव्यांत करतं. आपल्या चहाचा लाल रंग आणि कडकपणा तिथला. ग्रीन टीत पान आधीच वाफेवर किंवा कढईत तापवून ते विकर मारतात, म्हणून कॅटेचिनं शाबूत राहतात. झाड एकच. हे कॅटेचिन ग्रीन टीतून वेगळं केलं जपानच्या मिचियो त्सुजिमुरा या बाईंनी, 1929 साली. त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य आज खोक्यांवर छापलेलं असतं.

कडक, तुरट चहाला साखर हवीच. तरी माझ्या लहानपणी घरच्यांना गुळाचा काळा आणि पाहुण्याला साखरेचा, असा भेद होता. 1980 च्या दशकात मांजरा कारखाना आला, भोवती ऊस वाढला आणि साखर पाहुण्यापुरती राहिली नाही. (ज्या जिल्ह्याला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ऊस, हे भांडण पुन्हा कधी.) आता मोजा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे जवळपास 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एवढीच कमाल मर्यादा सांगते, आणि निम्मीच घेतली तर बरं म्हणते. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज, तो मुख्यत्वे यकृतातच जिरतो आणि जास्त झाला की तिथंच त्याची चरबी बनते. दारू न पिणाऱ्यांच्या या दुखण्याला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी 1980 साली नाव दिलं. साखर एकटी दोषी नाही; पोट सुटणं, मधुमेह, बैठं काम हेही आलंच. पण माळकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथं आहे.

मग ग्रीन टीनं होतं काय? 2013 साली जपानमधला एक प्रयोग छापून आला. माणसं 17, काळ 12 आठवडे. ज्यांना दिवसाला ग्रॅमभराहून जास्त कॅटेचिनांचं पेय दिलं, त्यांच्या यकृताची चरबी कमी झाली. आशा वाटावी असं आहे, पण 17 माणसांवर मी तरी खोका विकणार नाही. शिवाय एका पुडीच्या कपात ईजीसीजी साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम. तेवढा डोस गाठायला किती कप लागतील बघा. वजन घटवलं की यकृताची चरबी घटते, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. म्हणून मी सांगतो, ग्रीन टी घ्या, पण दुधा-साखरेच्या चहाच्या जागी घ्या. वरून घेऊ नका.

कॅप्सूल मागणारेही येतात, “एक्स्ट्रॅक्ट हाय का?” म्हणून. ती मी ठेवत नाही. ग्रीन टीच्या अर्काची वजन घटवायची एक गोळी 2003 साली फ्रान्स आणि स्पेनच्या बाजारातून काढून घ्यावी लागली, कारण ती घेणाऱ्यांच्या यकृतालाच इजा झाल्याचं आढळलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये बजावलं, की पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतलं तर यकृताची एंझाइमं वाढू शकतात. म्हणजे आपल्या रिपोर्टावरचं तेच एसजीपीटी. उकळून गाळलेल्या कपाची गोष्ट वेगळी, दाबून भरलेल्या अर्काची वेगळी. तरीही हवीच असेल, तर आधी ज्यांनी सोनोग्राफी लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारा म्हणतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची पत्ती तोलायला घेतो.