स्ट्राइक झोनचा इतिहास आणि पंचांच्या निर्णयास यंत्राधारित आव्हान

प्रस्तावना

बेसबॉल या अमेरिकी खेळात पिचरने टाकलेला व फलंदाजाने न खेळलेला प्रत्येक चेंडू पंचाच्या निर्णयाधीन असतो. होम प्लेटच्या १७ इंच रुंदीवरून आणि ठरावीक उंचीच्या मर्यादेतून गेलेला चेंडू 'स्ट्राइक', तर त्याबाहेरून गेलेला 'बॉल' समजला जातो. तीन स्ट्राइक झाल्यास फलंदाज बाद होतो. चार बॉल झाल्यास त्याला पहिला बेस आयताच मिळतो. या काल्पनिक चौकटीस 'स्ट्राइक झोन' म्हणतात. २३ सप्टेंबर २०२५ रोजी मेजर लीग बेसबॉलच्या संयुक्त स्पर्धा समितीने, २०२६ च्या हंगामापासून या निर्णयांस कॅमेऱ्यांच्या आधारे आव्हान देण्याची मुभा खेळाडूंना दिली. या घटनेकडे केवळ तंत्रज्ञानाची प्रगती म्हणून पाहणे अपुरे ठरेल. कागदावरील झोन आणि मैदानावरील झोन यांत आरंभापासूनच अंतर होते. यंत्राने ते अंतर मिटविताना कागदावरील झोनच बदलून टाकला, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

झोनची घडण

१८४५ च्या निकरबॉकर नियमांत पंचाने स्ट्राइक पुकारण्याची तरतूदच नव्हती. चेंडू फलंदाजास खेळता यावा म्हणूनच टाकला जाई. मात्र फलंदाज चांगले चेंडूही सोडून देऊन वेळ काढू लागले, तेव्हा १८५८ मध्ये पंचास स्ट्राइक पुकारण्याचा अधिकार देण्यात आला. पुढे पिचरही मुद्दाम न खेळता येण्याजोगे चेंडू टाकू लागल्यामुळे १८६३ मध्ये 'बॉल' पुकारण्याचा नियम आला. म्हणजे पंचाचा हा अधिकार मुळात शिस्तीसाठी होता. चेंडू कोठून गेला याचे काटेकोर मोजमाप करणे हा त्याचा हेतू नव्हता. काही काळ तर फलंदाजास 'उंच' वा 'खाली' असा हवा तो चेंडू मागण्याचाही हक्क होता. १८८७ मध्ये तो रद्द होऊन खांदा ते गुडघा अशी मर्यादा ठरली आणि १८८९ मध्ये चार बॉलचा आजचा नियम स्थिरावला.

त्यानंतर झोनची व्याख्या वारंवार बदलली. १९५० मध्ये ती काखेपासून गुडघ्याच्या वरच्या भागापर्यंत आली, १९६३ मध्ये पुन्हा खांद्यापर्यंत वाढविण्यात आली. परिणामी पिचर वरचढ झाले. १९६८ मध्ये अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीत अव्वल ठरलेल्या कार्ल यास्त्रझेम्स्कीची सरासरी अवघी .३०१ होती. १९६९ मध्ये झोन पुन्हा आखडण्यात आला व पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यात आला. १९८८ व १९९६ मध्ये आणखी बदल झाले. खेळाचा तोल ज्या बाजूस झुकेल त्याच्या विरुद्ध दिशेस झोन सरकविला जाई, असे या बदलांवरून दिसून येते.

नियम असे बदलत असता प्रत्यक्षात पंच आपापल्या सवयीचा झोन पुकारीत. पुकारण्यात सातत्य असेल तर खेळाडूही तो निमूटपणे स्वीकारीत. ही रूढी कोठवर जाऊ शकते याचे उदाहरण म्हणजे १२ ऑक्टोबर १९९७ रोजीचा नॅशनल लीग अजिंक्यपद मालिकेतील पाचवा सामना होय. पंच एरिक ग्रेग यांनी प्लेटच्या पुष्कळ बाहेरचे चेंडूही स्ट्राइक दिले. फ्लोरिडा मार्लिन्सच्या लिवान हर्नांडेझने अटलांटा ब्रेव्ह्जचे १५ फलंदाज स्ट्राइकवर बाद केले आणि सामना २-१ असा जिंकला.

पर्यवेक्षणाचे यंत्र

१९९९ मध्ये पंच संघटनेने डावपेच म्हणून सामूहिक राजीनामे दिले. लीगने त्यांपैकी २२ जणांचे राजीनामे स्वीकारून त्यांना घरी पाठविले. जुनी संघटना मोडली, आणि २००० पासून दोन्ही लीगचे पंच एकाच मध्यवर्ती नियंत्रणाखाली आले. तंत्रज्ञान मैदानात आले ते या पार्श्वभूमीवर. २००१ पासून 'क्वेसटेक' या कंपनीची कॅमेरा-प्रणाली काही मैदानांवर पंचांच्या मूल्यमापनासाठी बसविण्यात आली. येथे कालक्रम महत्त्वाचा आहे. कॅमेरा आला तो पंचाच्या साह्यार्थ नव्हे, तर त्याच्यावर देखरेख ठेवण्यासाठी, आणि तोही पंचांची सौदाशक्ती खचल्यानंतर. पंचांनी याविरुद्ध तक्रार दाखल केली. गंमत अशी की, खेळाडूही या यंत्रावर खूश नव्हते. मे २००३ मध्ये ॲरिझोनाचा पिचर कर्ट शिलिंग याने, पंच यंत्राला भिऊन निर्णय देतात अशा रागाने, एक कॅमेराच फोडला व १५,००० डॉलर दंड भरला.

त्यानंतर २००६ च्या अखेरीस 'पिचएफएक्स', २०१५ मध्ये 'स्टॅटकास्ट' आणि २०२० मध्ये 'हॉक-आय' अशी अधिकाधिक अचूक साधने आली. त्यांतून एक अनपेक्षित गोष्ट उजेडात आली. २०११ मध्ये माइक फास्ट यांनी पिचएफएक्सची आकडेवारी तपासून दाखविले की, काही कॅचर चेंडू झेलताना हातमोजा अलगद आत ओढून पंचाकडून जादा स्ट्राइक मिळवितात. होसे मोलिना हा या कलेतील अग्रणी ठरला. पंचावर पाळत ठेवण्यास आणलेल्या यंत्राने पंचाला चकविणाऱ्याचे मोलही उघड केले आणि संघ अशा कॅचरना त्यासाठी पैसे मोजू लागले.

आव्हानाची तडजोड

२०१९ मध्ये अटलांटिक लीगच्या तारांकित सामन्यात पंचाच्या कानात यंत्राने निर्णय सांगण्याचा प्रयोग झाला. दक्षिण कोरियाच्या केबीओ लीगने २०२४ पासून हीच पूर्ण स्वयंचलित पद्धत स्वीकारली. अमेरिकेत मात्र ट्रिपल-ए स्तरावर दोन्ही पद्धती तपासून जून २०२४ मध्ये केवळ आव्हानाची पद्धत ठेवण्यात आली. प्रत्येक संघास दोन आव्हाने मिळतात. आव्हान यशस्वी झाल्यास ते कायम राहते. फलंदाज, पिचर वा कॅचर यांनीच, इतर कोणाची मदत न घेता, टोपी वा हेल्मेटवर तत्काळ थाप मारून ते द्यावयाचे असते. २०२५ च्या वसंतकालीन सराव सामन्यांत दर सामन्यास सरासरी ४.१ आव्हाने झाली व त्यांपैकी ५२.२ टक्के यशस्वी ठरली. एका सामन्यात सुमारे ३०० चेंडू पडतात हे लक्षात घेता, बहुतांश निर्णय पंचाकडेच राहतात.

परंतु खरा बदल व्याख्येत आहे. जुन्या नियमानुसार झोन हा पंचकोनी प्लेटवरील त्रिमितीय अवकाश होता व त्याची उंची फलंदाजाच्या खेळण्याच्या पवित्र्यावर अवलंबून होती. यंत्रास पवित्रा दर चेंडूला नव्याने ठरविणे गैरसोयीचे. म्हणून आता प्लेटच्या मध्यावर उभी असलेली एक सपाट चौकट मानली जाते. तिची वरची कड फलंदाजाच्या मोजलेल्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर असते. सहा फूट उंचीच्या फलंदाजास ती अनुक्रमे सुमारे ३८.५ व १९.४ इंचांवर येते. रिकी हेंडरसनसारखा फलंदाज खोल वाकून झोन लहान करीत असे. नव्या आकृतीत त्या वाकण्याला काही किंमत उरत नाही. 'यंत्र नियमाची अंमलबजावणी करते' हे विधान त्यामुळे अर्धवट खरे आहे.

भारतीय वाचकास येथे क्रिकेटमधील निर्णय-पुनर्विलोकन पद्धतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तिची पहिली चाचणी २००८ च्या भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत झाली, आणि त्यानंतर भारतीय मंडळाने २०१६ पर्यंत तिला बराच विरोध केला. पायचीतच्या निर्णयात चेंडूचा पुढील मार्ग अनुमानाने काढावा लागतो. म्हणून तेथे 'अंपायर्स कॉल'ची पट्टी ठेवून शंकेचा फायदा मैदानावरील पंचास दिला जातो. बेसबॉलच्या आव्हानात अशी पट्टी नाही. चेंडूची कड चौकटीस किंचित जरी स्पर्शून गेली, तरी स्ट्राइक. पंचाचा निर्णय केसभर चुकला असला तरी तो हजारो प्रेक्षकांसमोर फलकावर चूक म्हणून दाखविला जातो. कोरियातील पंच यंत्राचा निरोप्या झाला, पण त्याच्या वाट्याला ही नामुष्की येत नाही. अमेरिकी पंचाने अधिकार राखला व ही नामुष्की पत्करली. या दोहोंत अमेरिकी पंचाचा सौदा मला बरा वाटतो. कॅचरचा हातमोजा आत ओढण्याचा हुन्नरही त्यामुळेच टिकला आहे. फक्त आता प्रतिपक्षाची आव्हाने शिल्लक आहेत की संपली, यावर त्याला नजर ठेवावी लागते.